कडेची बाई

टीव्हीवर मुलीचा चेहरा आला आणि फुटला. गालांच्या जागी चौकोन दिसायला लागले, पट्ट्यापट्ट्यांचा फ्रॉक वळवळायला लागला.

"हे असं दिसतंय," बाई म्हणाल्या. "तिचे डोळेसुद्धा कळत नाहीत."

बाई पन्नाशीला टेकलेल्या. ही डीव्हीडी त्यांच्या भाच्यानं घरच्या संगणकावर करून दिली होती. स्टुडिओत स्लाइडशोचं काम बघणाऱ्या तरुणानं ती दोनदा पाहिली आणि भाच्यानं काय काय केलं असेल ते न बघता सांगितलं. चारशे फोटो एकाच डिस्कवर कोंबले असतील, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जागा उरली नाही. शिवाय फोटो तीन-तीनदा लहान करून साठवले असतील. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. मालक त्याला शास्त्रज्ञ म्हणायचे, निम्मं कौतुकानं आणि निम्मं वैतागून.

"मूळ फोटो आणा," तो म्हणाला. "निवडक चाळीस. डीव्हीडीवर चित्राच्या पाचशे शहात्तर ओळीच मावतात, पण नीट भरल्या तर तेवढ्या पुरतात."

बाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. फोटो त्यांनी आधीच निवडून ठेवले होते. पहिल्यात टॉवेलात गुंडाळलेलं महिनाभराचं बाळ होतं. शेवटच्यात तीच मुलगी अडीच वर्षांची, पायात उलटसुलट बूट.

"यापुढचे?" त्यानं विचारलं.

"यापुढचे नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. त्याला आपली जीभ चावावीशी वाटली.

त्यांना डिस्क शुक्रवारी सकाळी हवी होती. त्या दिवशी माणसं येणार होती, त्यांच्या हातात ती द्यायची होती. कपडे धुऊन, घड्या घालून बॅगेत भरून झाले होते, खेळणीसुद्धा. एवढंच राहिलं होतं, असं त्या म्हणाल्या, जणू यादीतलं शेवटचं सामान.

दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "एक मात्र भाच्यानं केलंय तसंच ठेवा. टीव्हीवर कडा कापल्या जातात ना, त्यात मी निघून जाते. ते बरंय. मी त्यात नकोय."

"एकाही फोटोत?"

"एकाही नाही."

त्यानं पावतीवर तसं लिहून घेतलं.

पुढचे तीन दिवस तो त्या फोटोंना चिकटून होता. प्रत्येक फोटो मूळ प्रतीवरून एकदाच लहान केला. फ्रॉकच्या पट्ट्या वळवळू नयेत म्हणून तेवढाच भाग उभ्या दिशेनं किंचित मऊ केला. टीव्हीवर गाल रुंद दिसू नयेत म्हणून माप सुधारलं. मग कोपऱ्यातल्या जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीवर लावून बघितलं. पापण्यांचे केस सुटे सुटे दिसत होते. दुधाच्या दातातली फट दिसत होती.

पण काहीतरी बिनसलं होतं. शेवटी त्यानं वही घेतली आणि मोजलं. चाळीसपैकी एकतीस फोटोंत मुलगी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती कडेला बघत होती. मूळ फोटोत त्या कडेला बाई होत्या: अर्धा खांदा, एखादा गाल, पुढे केलेले हात. टीव्ही ती कड गिळत होता, आणि मुलगी कुणीच नसलेल्या ठिकाणी बघून हसत होती.

त्यानं मालकांना बोलावून दाखवलं.

"मग?" मालक म्हणाले. "बाईला स्वतःला बघायचं नाहीये. तुझं काय जातंय?"

"काका, अशा वेळी माणसाला स्वतःचाच राग आलेला असतो. मी का वाचले, ती का नाही, असं वाटतं. वर्षभरानं त्यांनाच वाटेल, मी का नाही यात."

"वर्षभरानंतरचं तुझ्या पुस्तकात लिहिलं असेल. पावतीवर काय लिहिलंय ते बघ." मालक वळले, आणि वळता वळता त्यांनी पुन्हा एकदा टीव्हीकडे बघितलं.

त्यानं पावती बघितली नाही. सगळे चाळीस फोटो दहा टक्क्यांनी आत घेतले, भोवती काळी पट्टी सोडली. आता टीव्हीनं कितीही कडा गिळल्या तरी त्याच्या तोंडी काळोखच लागणार होता. डिस्क सगळ्यात कमी वेगानं लिहिली. मुलगी आता कुणाकडे तरी बघून हसत होती.

शुक्रवारी बाई साडेनऊलाच आल्या. डोळे सुजलेले, पण केस नीट बांधलेले. त्यानं डिस्क लावली. पहिला फोटो आला तसा त्यांनी हात तोंडावर नेला. डोळे किती छान आलेत, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग दुसऱ्या फोटोत त्यांचा खांदा आला. तिसऱ्यात गाल. चौथ्यात मुलीकडे पुढे केलेले त्यांचे दोन्ही हात.

"हे काय केलंत?"

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "ती तुमच्याकडेच बघतेय, ताई. आईला कसं कापायचं?"

बाईंनी हात पुढे करून टीव्ही बंद केला. काचेपलीकडे रस्त्यावर एक गाडी सुरूच उभी होती, तिकडे त्यांनी पाठ फिरवली.

"मी अडीच वर्षं सांभाळली फक्त," त्या म्हणाल्या. "मी दिसत राहिले तर ती तिकडे रुळायची नाही, असं दत्तक देणाऱ्या संस्थेनं बजावलंय. तिची आई बाहेर गाडीत बसली आहे, तिला मांडीवर घेऊन. मी त्यांना थांबायला सांगते. तुम्ही मला कापून द्या."