कंबर खाली!

हॉलिस ट्रेडवे यांनी मिसिसिपीतल्या कॉलेजांमधून आयुष्यभर अमेरिकन फुटबॉलच्या बचावफळीतले गडी घडवले. समोरच्यांची भिंत अंगाने फोडणारे ते आडदांड गडी पुढे मोठमोठ्या संघांत गेले आणि त्यांचे फोटो कोचच्या खोलीत लागले.

अर्धांगवायूने कोच अंथरुणाला खिळले, तेव्हापासून त्यांच्या हाताखाली शिकलेला लव्हेल दर शनिवारी टीव्हीवर सामना लागायच्या आधी त्यांना आंघोळ घालायला यायचा. आता त्याचेही केस पिकले होते.

आंघोळ झाल्यावर त्याने कोचच्या काखेत हात घातले, तसे कोच खेकसले, "कंबर खाली! पाठीने उचलतोस होय रे, गाढवा? मांड्यांत जोर आण!"

"हो, कोच!" म्हणत लव्हेल आणखी वाकला आणि त्याने त्यांना अलगद खुर्चीत बसवलं. दोघेही हसले. क्षणभर ते सरावाच्या मैदानावर, ऑगस्टच्या उन्हात उभे होते.

नवी नर्स पॅट्रिस कौतुकाने बघत होती. "भिंतीवरच्या या फोटोंतले तुम्ही कोणते?"

लव्हेल टॉवेल शोधू लागला. उत्तर कोचनीच दिलं. "तो नाही त्यात. कॉलेजची सगळी वर्षं मी त्याला बाकावरच बसवलं. एकाही सामन्यात उतरवलं नाही."

त्यांचं डोकं पुसत लव्हेल पॅट्रिसला म्हणाला, "पण एकदा मी सरावाला गेलो नाही, तर हे स्वतः गाडी घेऊन माझ्या दारात उभे. त्याआधी मला शोधत कधी कुणी आलंच नव्हतं."