अर्धवट पक्षी

शिवणकाम करणाऱ्या ताई परदेशातल्या मैत्रिणीला पाठवायला कागदाचे पक्षी करत होत्या. मैत्रिणीचा उजवा हात वर्षभरापासून लुळा पडला होता.

त्या दुपारी एक पक्षी अर्धवट ठेवून ताई चहा टाकायला उठल्या. परतल्या, तर पक्षी पुरा झालेला.

"अहो, हा तुम्ही केलात?"

"मला रुमालाची घडी जमत नाही, पक्षी कुठला!" नवरा हसला.

ताईंनी दुसराही मुद्दाम अर्धाच ठेवला आणि पाठ फिरवली. मागे कागद सळसळला. वळून पाहिलं, तर तोही पुरा.

तेवढ्यात फोन वाजला. मैत्रीण आनंदाने ओरडत होती, "अगं, माझा हात चालायला लागला! आत्ताच दोन पक्षी पुरे केले!"

ताईंना रडूच फुटलं. "जिंकलीस गं! पण कागद कुठून मिळाला?"

"कुठून म्हणजे? तुझ्याच टेबलावरून."