धावेचं माप

शिदूअण्णा लोहारांनी दुसऱ्यांदा ४३७ लिहिलं आणि संगणकाने दुसऱ्यांदा लाल फुली दाखवली. प्रौढवर्गाच्या परीक्षेत एका गणिताला तीनच संधी होत्या. हे शेवटचं गणित हुकलं, तर अण्णांना आणखी वर्षभर त्याच इयत्तेत बसावं लागणार होतं.

पडद्यावर बैलगाडीचं चाक फिरत होतं. व्यास एकशे चाळीस सेंटीमीटर, घेर काढा.

"बाई, तुमचं यंत्र चारशे चाळीस मागतंय," अण्णा म्हणाले. "तेवढी लोखंडी धाव चाकाभोवती चढवली तर पहिल्याच ओढ्यात निसटेल. पट्टी तीन सेंटीमीटर कमीच कापायची. तापली की फुगते, चाकावर चढते, आणि गार झाली की आवळून बसते. चाळीस वर्षं हेच करतोय."

शिरीनबाई हसल्या नाहीत. "अण्णा, प्रश्न परत वाचा."

अण्णांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. घेर चाकाचा विचारला होता, लोखंडाचं नावही नव्हतं. त्यांनी निमूटपणे ४४० लिहिलं. हिरवी खूण आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अण्णांचं गणित संगणकात भरलं आणि दहावीच्या वर्गाला दिलं : चाकाचा घेर ४४०, तर धावेसाठी पट्टी किती कापाल? अण्णा मागच्या बाकावर बसले होते. सगळ्यांनी ४४० लिहिलं आणि वर्गभर लाल फुल्या उमटल्या.

"अण्णा, मशीन बिघडलंय तुमचं," पुढची मुलगी म्हणाली.

"मशीन बरं आहे. प्रश्न परत वाचा," अण्णा म्हणाले. "नाहीच जमलं तर भट्टीवर या."