झुबका कापल्यावर

परसात तिनं हौसेनं झुबकेवाल्या कोंबड्या पाळल्या होत्या. डोक्यावरची पिसं डोळ्यांवर यायची, त्यामुळे त्यांना धड दिसायचं नाही. भिंतीवर आपटायच्या बिचाऱ्या. पण तिचा आवाज आला की मांडीवर येऊन बसायच्या.

त्या दुपारी शिवणाची कात्री घेऊन तिनं एकीचा झुबका छाटला. कोंबडीनं तिच्याकडे पाहिलं आणि हातातून निसटून कुंपणापर्यंत पळाली. दुसरीनंही तेच केलं. तिसरी तर जाळीत डोकं खुपसून थरथरत राहिली.

"माझ्याकडे बिनधास्त येतात," पायरीवर बसलेला नवरा हसला. "तुझंच तोंड बघवत नसेल त्यांना."

तिला ते लागलं. शेवटची कोंबडी तिनं लहानपणापासून तळहातावर वाढवली होती. तिला जवळ घेऊन तिनं पिसं कापली. कोंबडी पळाली नाही. पण तिची नजर मालकिणीच्या चेहऱ्यावर नव्हती. खांद्याच्या जरा वर, मागं खिळली होती.

"अहो, बघा ना, हिला काय झालंय."

नवऱ्यानं मान वर करून तिच्या खांद्यामागं बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. परसात खेळणाऱ्या लेकीला उचलून तो घरात शिरला. आतून कडी लागली.

"बाबा, आई बाहेर राहिली," लेक म्हणाली.

"राहू दे," तो हळूच म्हणाला.