लोकरीचं बदक

मालकांनी चष्मा नाकावर चढवला आणि अंक टेबलावर पसरला. टाचणी दाराशीच उभी राहिली. हाताला लागलेली शाई ती कुर्त्याला पुसत होती, पण हातच इतके घामेजले होते की शाई नुसतीच पसरत होती.

वस्तीतल्या पोरापोरींनी चालवलेल्या त्या चार पानी वर्तमानपत्राचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध बातमी, पहिला अंक त्याच्या हातात, आणि तोही बातमी लिहिणाऱ्याने नेऊन द्यायचा. नियम ठरला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या टाचणीनेच वाजवल्या होत्या. आता घ्या!

"शाळेच्या बसचं संकटकाळचं दार तारेने बंद," मालकांनी मथळा मोठ्याने वाचला. "वा! फोटोसुद्धा आहे. कोणती गाडी ही?"

"ते आम्ही सांगत नाही, काका."

"नको सांगूस. मी शोधतो."

टाचणीचे बाबा याच मालकांची बस चालवत, पण ती त्यांची मुलगी हे मालकांना ठाऊक नव्हतं. दाराची कडी तुटली की मालक नवी बसवत नसत, तारेचे वेढे घालायला लावत. अर्ध्याअधिक बस तशाच होत्या. एका ड्रायव्हरने त्यावर तोंड उघडलं, तर त्याला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला. म्हणून बसमध्ये फोटो काढू देताना बाबांनी बजावलं होतं, "माझं नाव कुठे येता कामा नये, पोरी. नोकरी गेली तर खायचं काय?"

टाचणी आणि संपादक लंबू डोळ्यांत तेल घालून बसले होते. फोटोतला बसचा नंबर कापला, सीटवर कोरलेली पोरांची नावं पुसट केली.

मालकांचं बोट फोटोच्या वरच्या कोपऱ्यात थांबलं. "आणि हे काय लोंबतंय?"

टाचणीने वाकून बघितलं. ड्रायव्हरच्या आरशाला टांगलेलं लोकरीचं बदक. लहानपणी तिनेच विणलेलं, एका डोळ्याचं, दिसायला थेट बटाटा. रोज बघून ते तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की फोटोत ते तिला दिसलंच नव्हतं.

"काय की," ती कशीबशी म्हणाली.

मालक अंक घेऊन आवारात गेले. बस ओळीने उभ्या होत्या. एकेका काचेतून आत डोकावत ते पुढे सरकू लागले. बाबांची बस सर्वांत शेवटी होती. बाबा आत बसून काच पुसत होते.

टाचणी मालकांच्या पाठीमागून हातवारे करू लागली. काढा, ते काढा! बाबांना आधी काही कळेना. मग त्यांची नजर मालकांच्या हातातल्या अंकावर गेली, तिथून आरशाकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बदक झटकन काढून त्यांनी खिशात कोंबलं.

टाचणीचा जीव भांड्यात पडला.

मालक शेजारच्या बसपाशी थांबले. तिच्या आरशाला नुसताच एक दोरा लोंबत होता. ड्रायव्हर नवा होता, मिसरूड फुटलेला पोरगा.

"इथलं काय काढलंस रे?"

"फुगा होता, मालक. पोरांनी बांधलेला. फुटला."

"फुगा? मला शिकवतोस? चावी टेबलावर ठेव आणि चालायला लाग."

"आईशप्पथ मालक, फुगाच होता हो!"

बाबा ऐकत होते. काच पुसायचं फडकं त्यांच्या मुठीत तसंच राहिलं होतं. मग त्यांचा हात खिशात गेला. टाचणीने जोरजोरात मान हलवली. नको, बाबा, नको. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. दोरी आरशाला अडकेना, पुन्हा पुन्हा निसटत होती.

शेवटी अडकली. बाबांनी बदकाचा तो एक डोळा काचेकडे वळवला आणि हॉर्न वाजवला.

"मालक," ते खिडकीतून म्हणाले, "त्याला सोडा. गाडी ही आहे."