मऊ दगड

"अहो, नाक कुठे गेलं हिचं?"

बायकोच्या या प्रश्नावर म्हातारा शिल्पकार पुढे वाकून मूर्तीकडे बघू लागला. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, पोरीच्या तोंडावरून एकदा हात फिरवू द्या. शेवटी आज तो तिला हाताला धरून कॉलेजच्या आवारात घेऊन आला होता.

इथेच शिकणारी त्यांची लेक निकालाच्या दिवशी घरी परतलीच नव्हती. पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली ही दगडी मुलगी त्याने त्याच वर्षी घडवली. कठीण दगडात तिचा हसरा गाल काही केल्या उतरेना, म्हणून सगळ्यांशी भांडून त्याने मऊ दगड घेतला. खळी अशी साधली, की बायको दिवसभर मूर्तीसमोरून हलली नव्हती.

आता तिची बोटं कपाळावरून खाली आली आणि चुकल्यासारखी भिरभिरायला लागली. नाक नव्हतं, ओठ नव्हते. वापरून वापरून साबणाची वडी उरावी, तसा चेहरा उरला होता.

"पावसापाण्याने झिजला असेल," तो कसाबसा म्हणाला.

"पावसाने कसला, आजोबा!" मागून एक मुलगी म्हणाली. तिच्यामागे आणखी पोरं खोळंबली होती. "पेपरला जाताना हिच्या तोंडाला हात लावला की पास होतो म्हणे. सगळेच लावतात. आमच्या मावशीनेही लावला होता."

एकेकाला हाकलून लावावं आणि चेहरा पुन्हा कोरावा, असं शिल्पकाराला वाटलं. पण छिन्नी धरायला हातात बळ नव्हतं, आणि बळ असतं तरी नाक कोरण्याइतका दगड तिथे उरला नव्हता.

बायको अजून खळी शोधत होती. या गालावर, मग त्या गालावर.

"आजी, आटपा ना. बेल होईल हो!" मुलगी अगदी रडकुंडीला आली.

बायकोने हात काढून घेतला. चाचपडत तिने त्या मुलीचं मनगट धरलं. ते गार पडलं होतं. तिने स्वतःच तो हात दगडी गालावर नेऊन ठेवला.

"लाव बाई," ती म्हणाली. "आणि नापास झालीस, तरी घरी जा हं. सरळ घरी जा."