पाठमोरा होडीवाला

सेलिना पार्डीच्या पत्राला मी एकतीस वर्षं उत्तर दिलं नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून तिनं विचारलं होतं: ‘वल्हवत निघालेल्या माणसाचं तोंड धक्क्याकडे असतं. मग तुमच्या लघुपटात आमचे बाबा दूर जाताना पाठमोरे कसे? चित्रणानंतर पुढच्याच आठवड्यात ते समुद्रावर गेले, ते परतलेच नाहीत. तुम्ही चित्रण केलंत तेव्हा ते जात होते की येत होते?’

ते घरी येत होते. मला शेवटाला दूर जाणारी होडी हवी होती, म्हणून संकलन करताना फिल्मचा तो तुकडा मी उलटा जोडला. हे कबूल करायचा धीर मला झाला नाही.

काल तिला पाठवण्यासाठी तो तुकडा सुलटा करून संकलनाच्या टेबलावर लावला. होडी दूरच गेली.

“उलटाच लावलास की, म्हाताऱ्या!” माझा जुना सहकारी गाएताँ हसला. “सरक बाजूला, मी लावतो.”

त्यानं फिरवून लावला. होडी पुन्हा दूर गेली, पहिल्यापेक्षाही लांब.

गाएताँचं हसू मावळलं. “तिला लिहून टाक बाबा,” तो म्हणाला. “आजच.”

मी लिहिलं: ‘तुमचे बाबा घरी येत होते. मी त्यांना परत फिरवलं.’

आज सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला नाही. आतून वल्ह्यांचा आवाज आला, संथ, जवळ येत चाललेला.